अनुभव धागा: अपडाऊन – गाडी एक, माणसं चार

जळगाव–भुसावळ, अमळनेर–जळगाव, धुळे–चाळीसगाव... रोज अपडाऊन करणाऱ्यांनो, इथे लिहा. 'इंधन वाचवा' हे पंपावर लिहिलेलंच असतं. वेळा, हिशोब आणि नेमकं कुठं फिसकटतं, तेवढं सांगा.

तापीकाठ
सोबती निवडताना मैत्री बघू नका, सुटायची वेळ बघा. सकाळी चौघं हमखास जमतात; संध्याकाळी एकाला साहेब थांबवून घेतो आणि बाकीचे तिघं गाडीपाशी ताटकळतात. म्हणून मागे राहील त्यानं रेल्वेनं किंवा एसटीनं यायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका.

कुणाच्या दारात गाडी न्यायची नाही. भुसावळकडे जायचं तर खोटेनगर, आकाशवाणी चौक, अजिंठा चौफुली असे महामार्गावरचेच थांबे ठेवा. गल्लीत शिरलं की माणशी पाच मिनिटं गेलीच. वाट बघायची ती तीन मिनिटं. उद्याची सुट्टी रात्री नऊच्या आत ग्रुपवर कळवायची. सकाळी कळवली तर त्या दिवसाचा वाटा द्यायचा.

आता पैसे. जाऊन-येऊन 50 किमी, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 1,250 किमी. लिटरला 18 चा ॲव्हरेज धरला तर साधारण 69 लिटर. चौघं वेगवेगळ्या गाड्यांनी गेले तर हेच 278 लिटर. फरक दोनशेच्या वर, आणि पेट्रोलच्या लिटरमागे सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर महिन्याला जवळजवळ 480 किलो वायू कमी. रोज एकाचीच गाडी असेल तर इंधनाशिवाय टायर-ऑइलचे किमीमागे दोनेक रुपये धरा, नाहीतर गाडीवाला चौथ्या महिन्यात कुरकुरतो. वाटा दिवसावर पाडा, महिन्यावर नको. रजा घेणारा आणि न घेणारा सारखेच पैसे देऊ लागले की भांडण ठरलेलं. सगळ्यांत सोपं म्हणजे चौघांच्या चार गाड्या आठवड्याच्या पाळीनं काढणं. पैशांचा विषयच येत नाही.

केळीपान
पाळी चांगली, पण टोल बघून. नशिराबादचा नाका वर्षाला 600 वेळा ओलांडावा लागतो. फास्टॅगचा वार्षिक पास 15 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला तेव्हा 3,000 रुपयांना होता. 200 फेऱ्या (नाका एकदा ओलांडला की एक फेरी) किंवा एक वर्ष, जे आधी संपेल ते. एकच गाडी असेल तर तीन पास, त्या दरानं 9,000 रुपये. चार गाड्यांत प्रत्येकीच्या 150 फेऱ्या होतात, पास चार लागतात, 12,000 जातात आणि 50-50 फेऱ्या वाया.

दुसरं म्हणजे विमा. पांढऱ्या पाटीच्या गाडीत खर्च वाटून घेणं वेगळं आणि भाडं घेऊन नफा कमावणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात अपघात झाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर खासगी गाडीत बसलेल्या सोबत्यांना त्याचं संरक्षण नसतं. पॅकेज, म्हणजे सर्वसमावेशक पॉलिसी हवी. बसण्याआधी पॉलिसीचं पहिलं पान मागायला लाजू नका, भाऊ.

सावलीचा थांबा
जळगावहून भुसावळला जाणाऱ्याच्या डोळ्यांवर सकाळीही ऊन आणि परततानाही. भुसावळहून जळगावला येणाऱ्याच्या दोन्ही वेळा पाठीवर. त्यामुळे पहिल्यांनी समोरची काच आतूनही पुसावी. आतल्या धुळीच्या थरानंच जास्त चकाकतं. हिवाळ्यात केळी-कापसाच्या गाड्यांमागे हे अंगाशी येतं.

फलाटावरची पिशवी
चौघं जमवण्याआधी रेल्वेचं वेळापत्रक तर बघा! 150 किमीपर्यंत मासिक पास मिळतो. तीन महिन्यांचा काढला तर मासिकाच्या 2.7 पट पडतो. पास अनारक्षित डब्याचा असतो आणि सुपरफास्टला अधिभार वेगळा. तो भरल्याशिवाय चढलेले नेमके तपासणीच्या दिवशी सापडतात. स्टेशनापासून कचेरी तीन किमी असेल तर एक जुनी सायकल तिकडच्या स्टँडवर ठेवा. रिक्षाचा रोजचा खर्च नाही केला तरच पासाचं गणित बसतं.

लालपरी
एसटीचा मासिक पास: 20 दिवसांचं भाडं, 30 दिवस प्रवास. पण ताई, तुमच्यासाठी गणित उलटं आहे. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. 25 दिवस रोज काढलं तरी साडेबारा दिवसांचं भाडं होतं. पूर्ण दराच्या पासाला वीस दिवसांचं पडतं.

दोन चाकं
विजेच्या स्कूटरवाल्यांसाठी. एका चार्जला कागदावर शंभर किमी असेल तर महामार्गावर सत्तर धरा. वेग वाढला की हवेचा विरोध झपाट्यानं वाढतो. मे-जूनमध्ये वारा पश्चिमेचा असतो, म्हणजे भुसावळहून जळगावला परतताना तोंडावर. जाताना बॅटरी 40 टक्के खर्च झाली तर येताना पन्नासाच्या पुढे जाते. उन्हातून आलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत निवू द्या.

सायकलवाल्यांनो, बांधावरून शॉर्टकट मारत असाल तर बाभळीचे काटे आहेतच. ट्यूबमध्ये सीलंट घाला आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा. तो तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत पंक्चर होतं, आणि शिव्या खातो पंक्चरवाला.

तापीकाठ
केळीपान, टोलचा मुद्दा सुटला होता. मग असं करा: पाळी दोनच गाड्यांची ठेवा. गाडीमागे 300 फेऱ्या, म्हणजे मिळून चार पास, पण दुसरा पास अर्धाच संपतो. छे, एकच गाडी बरी. टायरचे दोन रुपये तेवढे विसरू नका.