मदत हवी आहे: सी-१० पिकअपला मस्टँगची टाकी, काटा उलटा

गाडी १९७० ची शेवरले सी-१०. सीटमागची टाकी काढून डिफरन्शियलच्या मागे, चॅसीच्या दोन रेल्समध्ये जुन्या फोर्ड मस्टँगची टाकी बसवायची आहे. पट्ट्यांखाली रबर, लाइन ३/८ इंची, फिलरला (पेट्रोल भरायच्या पाइपला) पेट्रोलसाठीचाच होज, एवढं पक्कं.

खरी अडचण पेट्रोलच्या काट्याची. शेवरलेचा मीटर रिकाम्याला ०, भरल्याला ९० ओहम धरतो. फोर्डचा सेंडर (टाकीतली पातळी मीटरला कळवणारा भाग) रिकाम्याला साधारण ७३, भरल्याला १०. म्हणजे टाकी भरली की काटा तळाशी! ०-९० चा सेंडर फोर्डच्या लॉक-रिंगवर (सेंडर टाकीला घट्ट धरणाऱ्या कड्यावर) कुणी बसवलाय का? सेंडरच्या फ्लोटच्या (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाच्या) दांडीची लांबी कशी मोजलीत?

शिवाय फिलरचा पाइप जवळजवळ आडवा जातोय, त्यामुळे भरताना हवा अडून नोझल सारखं बंद पडेल. व्हेंट (टाकीतली हवा बाहेर सोडणारी नळी) फिलरच्या वरच्या टोकाला जोडू, की रोलओव्हर व्हॉल्व्ह (गाडी उलटली तर पेट्रोल अडवणारा) लावून वेगळा वर नेऊ?