हायड्रोजन येईपर्यंत थांबायचं म्हणे!

भोरचा_पाव्हणा
परवा इथेच एका महाशयांनी लिहिलं की सामान्य माणसानं आत्ता इलेक्ट्रिक घेऊ नये. टोयोटाच्या हायक्रॉससारखी प्लग-इन हायब्रीड, म्हणजे पेट्रोलवरही चालणारी आणि वायर लावून चार्जही होणारी गाडी घ्यावी, नाहीतर सरळ हायड्रोजनसाठी थांबावं. तीन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

किती थांबायचं? टोयोटाची हायड्रोजनवर चालणारी मिराई जपानात डिसेंबर २०१४ मध्ये आली. मार्च २०२२ मध्ये गडकरीसाहेब तीत बसून संसदेत गेले, फोटो छापून आले. तुमच्या गल्लीत पंप उघडला का? कॅलिफोर्नियात तर शेल या तेल कंपनीनं फेब्रुवारी २०२४ मध्ये आपले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद करून टाकले.

पाण्यातून किलोभर हायड्रोजन काढायला पन्नासच्या वर युनिट वीज जाते. तो दाबून भरायची, वाहून न्यायची वीज वेगळी. एवढं करून गाडी जाते शंभरेक किलोमीटर. माझी जुनी इलेक्ट्रिक नेक्सॉन पन्नास युनिटांत तीनशेच्या पुढे जाते. द्राविडी प्राणायाम कशाला?

आणि हायक्रॉसला वायर लावायला जागाच नाही हो! ती साधी हायब्रीड, बॅटरी गाडी चालतानाच भरते. खरी प्लग-इन म्हणजे बीएमडब्ल्यू एक्सएम वगैरे, कोटींच्या घरातली. शिवाय २०२४ मध्ये युरोपीय आयोगानंच सांगितलं की प्लग-इन गाड्या प्रत्यक्ष रस्त्यावर प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट कार्बन सोडतात. लोक प्लगच लावत नाहीत, पेट्रोलवर हाणतात.

सावकाश_चालक
ते महाशय मीच. हायक्रॉसबाबत गल्लत झाली, मान्य. बाकी मुद्दा तोच. दिवाळीत मेव्हण्याच्या इव्हीतून कोल्हापूरला निघालो. साताऱ्याच्या पुढे चार्जरवर आमच्या आधी चार गाड्या आणि दोनातली एक गन बंद. सासूबाईंनी अख्खा चिवडा तिथेच संपवला. पावणेतीन तास! अंबाबाईचं दर्शन दुसऱ्या दिवसावर गेलं. वर्षातून दोनदाच होतं म्हणाल, पण आमच्या घरात तेच दोन दिवस वर्षभर ऐकवले जातात.

आणि इव्हीला जीएसटी ५ टक्के, मोठ्या हायब्रीडला ४०. मग इव्ही स्वस्त दिसणारच.

भोरचा_पाव्हणा
दोन दिवसांसाठी भाड्यानं गाडी घ्या. रोजचं कात्रज ते हिंजवडी करायला कोल्हापूरचा दाखला कशाला?

तिसरा_मजला
गाडी कुठली हे नंतर ठरवा, चार्जर कुठे लावणार ते सांगा. आमच्या सोसायटीत मी अकरा महिने अर्ज घेऊन फिरतेय. पार्किंग माझं, वायर माझ्या खर्चानं, सबमीटर माझा. तरी 'पुढच्या सर्वसाधारण सभेत बघू.' ना हरकत द्या असं सहकार खात्याचं परिपत्रक आहे, तेही नेऊन दाखवलं.

माजी_सेक्रेटरी
ताई, परिपत्रकानं केबल जाड होत नाही. आमची बिल्डिंग १९९४ ची. मीटर रूम कधी उघडून बघितलीत? आज तुम्हाला दिलं की उद्या वीस जण येणार. मंजूर भार वाढवायचा, ट्रान्सफॉर्मर बदलायचा, तो काय कुणाच्या बापाचा आहे?

तिसरा_मजला
बाप काढायचं काम नाही. माझा चार्जर रात्री बारानंतर चालेल. तुमच्या घरातल्या तीन एसींना कुणी ना हरकत मागितली होती?

माजी_सेक्रेटरी
एसी दोनच आहेत. आणि मीटर रूममधून धूर निघाला तर लोक परिपत्रकाला फोन करत नाहीत, सेक्रेटरीला करतात. नऊ वर्षं बिनपगारी भोगलंय.

संत्रानगरी
तुमचं पार्किंग चालू द्या भौ. पण पुण्यात 'माझी गाडी धूर सोडत नाही' म्हणून मिरवता, तो कोळसा चंद्रपूर-कोराडीला जळतो. राख विदर्भानं खायची आन् हिरवी नंबरप्लेट तुमची!

भोरचा_पाव्हणा
खरं आहे, नाकारत नाही. पण हायड्रोजन याच विजेवर केला तर कोळसा तिप्पट जळेल. तेवढं बघा.

बे_एरियाचा_बाब्या
इथे कॅलिफोर्नियात हायड्रोजनवाली गाडी तीन वर्षं लीजवर वापरली म्हणून बोलतो. चालवायला लोण्यासारखी, आवाज नाही, पाच मिनिटांत टाकी फुल. पण कधी? पंप चालू असेल तर! वायू उणे चाळीसपर्यंत गार करून भरतात, त्यामुळे नोझल गाडीलाच गोठून चिकटायचं. ऑफिसला उशीर होतोय आणि मी पंपावर नोझलला फुंकर घालतोय. किलोचा भाव ३६ डॉलरवर गेला तेव्हा हात जोडले. आता मुकाट्यानं इव्ही.

पेट्रोलपीडित
इव्ही नको तर पेट्रोल घालायचं, आणि त्यात २० टक्के इथेनॉल. माझ्या २०१४ च्या गाडीचं मायलेज पडलं त्यावर कुणी धागा काढेल का?

तिसरा_मजला
तुम्हीच काढा. इथे आमचं भांडण चाललंय.

सावकाश_चालक
बाब्याचं नोझल वाचून हायड्रोजनवर माघार घेतो. भोरकर, पेढे वाटा. इव्ही मात्र घेणार नाही. मला पार्किंगच नाही, गाडी रस्त्यावर वडाखाली लागते. चौथ्या मजल्यावरून वायर सोडू?

भोरचा_पाव्हणा
मग हे आधी लिहायचं होतं ना! उगाच जपानला नेऊन आणलंत.

माजी_सेक्रेटरी
वड फुटपाथच्या पलीकडे आहे का अलीकडे? पलीकडे असेल तर वायर फुटपाथवरून जाईल. तक्रार येणार, आत्ताच सांगून ठेवतो.