बेसमेंटमध्ये परत पाणी (ग्रुप फक्त कामाच्या मेसेजसाठी)

मंगळवार, २७ मे २०२५

अभ्यंकर ए-१०३ ७:५२
सेक्रेटरी साहेब, खाली या आणि माझ्या १४ नंबरच्या पार्किंगमध्ये चपला काढून उभे राहून दाखवा. मान्सून काल आला, आज पाणी हजर. दिवाळीत ३ लाख ८० हजारांचा तो निळा रंग मारला तो काय शोभेला?

साने सी-२०१ ७:५५
सुप्रभात 🌸 आजचा दिवस आनंदाचा जावो

अभ्यंकर ए-१०३ ७:५६
फोटो टाकलाय. ११ नंबरच्या खांबामागे भिंत फरशीला टेकते ना, तिथून बारीक धार लागलीय. वर पोपडे, आत पांढरा खार फुललाय. नखाने ओढलं तर रंगाचा ताटाएवढा पापुद्रा हातात आला.

पाटील (सेक्रेटरी) ८:१०
ताई नमस्कार. रंग नव्हता, वॉटरप्रूफ कोटिंग होतं. १० वर्षांची गॅरंटी आहे.

अभ्यंकर ए-१०३ ८:१०
ज्याची गॅरंटी तो फोन उचलतो का तुमचा?

रोहन ए-३०५ ८:११
गॅरंटी उन्हाळ्यापुरती असेल 😂

देशपांडे बी-४०३ ८:१९
मी पुन्हा एकदा नम्रपणे नमूद करतो. २५ जुलै २०२४ रोजी पाणी भिंतीतून आले नव्हते, रॅम्पवरून आले होते. २०१२ साली रॅम्पचा माथा रस्त्यापेक्षा ९ इंच वर होता. दर दोन वर्षांनी रस्त्यावर डांबराचा नवा थर चढतो. आता ४ इंच उरला आहे. मी टेपने मोजले आहे.

अभ्यंकर ए-१०३ ८:२१
काका, तो पूर होता. आज नुसता पाऊस आहे. रस्ता कोरडा आणि माझं पार्किंग ओलं.

जगताप सी-६०१ ८:३४
आधीच सांगून ठेवतो. माझ्याकडे गाडी नाही. बेसमेंटमध्ये माझा स्टूलसुद्धा नाही. वर्गणीची भाषा निघाली तर मला धरू नका.

पाटील (सेक्रेटरी) ८:३६
वर्गणीचा विषय कोणी काढलाच नाहीये साहेब.

जगताप सी-६०१ ८:३६
निघेल. २०१९ ला आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा पाण्याचा थेंब नव्हता आपल्याकडे, तरी "खबरदारी" म्हणून २००० घेतले होते. पावती आहे माझ्याकडे.

साने सी-२०१ ८:४०
दूधवाल्याने आज कोणाकडे दोन पिशव्या जास्त टाकल्यात का? आमच्या आल्याच नाहीत.

कदम बी-२०२ ९:०५
साइटवर आहे, एकदाच लिहितो. कृपया पूर्ण वाचा.

आपल्याकडे दोन वेगळी पाणी आहेत. एक, पुराचं: खडकवासल्यातून विसर्ग वाढला, मुठा पसरली, रस्त्यावरून रॅम्पने आत. देशपांडे काकांचं त्याबाबत बरोबर आहे. दुसरं जमिनीतलं. पावसात भूजल वर येतं आणि बाहेरून भिंतीला रेटतं. बेसमेंट ३ मीटर खोल. बाहेर जमिनीपर्यंत पाणी चढलं तर भिंतीच्या तळाशी दर चौरस मीटरला ३ टन दाब. त्यावर तुम्ही आतून रंग चिकटवलात. पाणी त्याला मागून ढकलतंय, तो सुटणारच.

खरं वॉटरप्रूफिंग बाहेरून असतं. बिल्डरने बांधताना बाहेरून शहाबादी फरशीचं बॉक्स (आवरण) केलंय, पण कुठे फाटलंय ते बघायला बाहेरून खोदावं लागेल, आणि तिथे आता गॅसची लाइन आणि बी विंगची कंपाउंड वॉल. म्हणजे ते विसरा. आतून करायचं तर जोड आधी. राफ्ट (खालचा काँक्रीटचा तळ) आणि भिंत वेगवेगळ्या दिवशी ओततात, तिथला जोड कच्चा राहतो. ताईंच्या फोटोत धार बरोबर तिथेच आहे. तिरकी भोकं पाडून पॅकर (दाबाने भरायच्या नळ्या) बसवायचे आणि पीयू ग्राउट (पॉलियुरेथेनचं पातळ रसायन) दाबायचं, ते पाणी लागलं की फुगतं. मग क्रिस्टलाइन स्लरी, म्हणजे काँक्रीटच्या छिद्रांत स्फटिक धरणारा लेप. ती ओल्या काँक्रीटवरच लावतात, "भिंत वाळू द्या मग करू" हे तिला लागू नाही. आणि केबलच्या पाइपांची तोंडं! गेल्या वर्षी मीटर रूमच्या पाइपांतून नळ सोडल्यासारखं पाणी येत होतं. ती अजून उघडी आहेत.

रोहन ए-३०५ ९:०७
कदम सर, आवाज काढून पाठवता का, वाचताना डोळे भरून आले

अभ्यंकर ए-१०३ ९:१०
हे सगळं दिवाळीत का नाही सांगितलंत?

कदम बी-२०२ ९:११
सांगितलं होतं. मीटिंगचं इतिवृत्त काढा. "कदम यांनी काही तांत्रिक मुद्दे मांडले." एवढंच लिहिलंय.

पाटील (सेक्रेटरी) ९:१५
इतिवृत्तावर सगळ्यांच्या सह्या आहेत. आणि कदम, मुद्दे मांडण्यात तुम्ही पुढेच असता. गेल्या जुलैत मी ट्रॅक्टरचा पंप मागवला, अर्धा बेसमेंट उपसला आणि तुम्ही बंद करायला लावलात. माझी गाडी आणखी एक दिवस पाण्यात राहिली.

कदम बी-२०२ ९:१८
बाहेर जमीन पाण्याने भरलेली असताना आतलं एकदम उपसलं असतं तर खालून दाब येऊन फरशी उचलली असती. टप्प्याटप्प्याने काढायचं असतं. तुमची गाडी गेली ती पाण्यात राहिली म्हणून नाही. तुम्ही चाकं बुडलेली असताना स्टार्टर मारलात म्हणून.

पाटील (सेक्रेटरी) ९:१९
हा मेसेज डिलीट केला आहे

साने सी-२०१ ९:२०
दोघेही शांत व्हा प्लीज 🙏 लहान मुलं वाचतात ग्रुप

रोहन ए-३०५ ९:२१
काकू, लहान मुलांना पीयू ग्राउट माहीत असायलाच हवं

अभ्यंकर ए-१०३ ९:२४
विमावाल्यानेही तेच सांगितलं होतं, बुडलेली गाडी चालू केली तर इंजिनाचे पैसे नाहीत, त्यासाठी वेगळं कव्हर लागतं. मी किल्ली नुसती हातात धरून उभी होते, म्हणून वाचले.

देशपांडे बी-४०३ ९:३०
मी पुन्हा एकदा नम्रपणे नमूद करतो. २५ जुलै २०२४ रोजी पाणी भिंतीतून आले नव्हते, रॅम्पवरून आले होते...

जगताप सी-६०१ ९:३२
काका वाचलं.

चेअरमन ११:३१
सर्वांना नमस्कार. लेकीकडे न्यू जर्सीला आहे, इथे रात्रीचे २ वाजलेत, फोन वाजतोय म्हणून उठलो. कोटेशन किती?

कदम बी-२०२ ११:४०
अंदाजे साडेसात लाख, वर १८ टक्के जीएसटी. ८ लाख ८५ हजार. यात रॅम्पचा उंचवटा नाही.

जगताप सी-६०१ ११:४१
४८ फ्लॅटनी भागलं तर प्रत्येकी १८,४३८. म्हटलं नव्हतं निघेल?

चेअरमन ११:४५
२२ पार्किंगवाल्यांनीच भरले तर ४० हजारांवर जातंय. माझंही आहे खाली.

अभ्यंकर ए-१०३ ११:४७
जगताप साहेब, पिण्याच्या पाण्याची टाकी कुठे आहे? लिफ्टचा पिट कुठे आहे? सहाव्या मजल्यावर तुम्ही जिन्याने जाता का? मीटर खाली आहेत. गेल्या वर्षी त्याच दिवशी पुलाच्या वाडीत तीन जण शॉक लागून गेले. आपल्याकडे वॉचमनने रात्री मेन स्विच वेळेत पाडला म्हणून आपण आज भांडतोय.

जगताप सी-६०१ ११:५२
टाकीचं मान्य. मीटरचंही. पण मग मीटर वर न्या, माझा पाठिंबा आहे. कोटिंगचा नाही.

चेअरमन ११:५४
दुरुस्ती निधी कशासाठी आहे? पाटील, शिल्लक टाका. बिल्डरकडून काही निघेल का? रेरा?

पाटील (सेक्रेटरी) १२:०२
आपली बिल्डिंग रेराच्या आधीची. आणि त्यातही दोषाची जबाबदारी पझेशनपासून ५ वर्षं. आपलं पझेशन २०१२. बिल्डरला पत्र लिहायचं तर शुभेच्छापत्र लिहा. निधीत ५ लाख ४० आहेत, त्यातले २ लाख टेरेसच्या कोब्याला ठरलेत. सी विंगच्या गळतीला. जगताप साहेबांच्याच.

साने सी-२०१ १२:०५
दूध मिळालं 🙏 सी-२०२ च्या दाराशी होतं

जगताप सी-६०१ १२:०८
टेरेस सगळ्यांचंच असतं.

अभ्यंकर ए-१०३ १२:०८
😊

संध्याकाळी ७:२०

अभ्यंकर ए-१०३
आता तीन बोटं पाणी. संपचा (पाणी गोळा होण्याच्या खड्ड्याचा) पंप आहे ना आपल्याकडे? ६२ हजारांचा? फ्लोटवर (तरंगत्या स्विचवर) आपोआप सुरू होणारा?

कदम बी-२०२
हो. संप भरला की फ्लोट उचलतो आणि पंप चालू. चालू नाहीये?

पाटील (सेक्रेटरी) ७:४१
खाली आलोय. संप काठोकाठ. फ्लोट वर तरंगतोय. पंपाचा प्लग काढलेला आहे.

पाटील (सेक्रेटरी) ७:४२
त्या सॉकेटला चार्जर लावलाय. इलेक्ट्रिक स्कूटरचा. एक्स्टेंशनची वायर पाण्यातून गेलीय, मी मेन पाडूनच ती काढली. लिफ्ट तेवढ्यापुरती बंद आहे.

पाटील (सेक्रेटरी) ७:४२
स्कूटर कोणाची हे मला माहीत आहे. त्याने स्वतः बोलावं.

अभ्यंकर ए-१०३ ७:४९
सकाळपासून सगळ्यात जास्त विनोद कोणाचे होते?

रोहन ए-३०५ ८:१५
सॉरी. रात्रीपुरतंच लावलं होतं. माझ्या पार्किंगजवळ पॉइंट नाही, तीन वेळा अर्ज दिलाय.

पाटील (सेक्रेटरी) ८:१६
पाऊस रात्रीचाच होता. अर्जाचं नंतर बोलू. आधी खाली ये, खराटा घेऊन.

रोहन ए-३०५ ८:१७
आलो

पाटील (सेक्रेटरी) ८:५५
पंप लावला, पाणी उतरतंय. ताई, तुमची धार मात्र चालूच आहे, मी उभा राहून बघितली. कदम, उद्या ७ ला खडू घेऊन या, जिथे जिथे झिरपतंय तिथे खुणा करू. सकाळचं मी डिलीट केलेलं तुम्ही वाचलं असेल तर सोडून द्या.

कदम बी-२०२ ८:५७
वाचलं होतं. येतो. पाइपांच्या तोंडांना लावायला सीलंटच्या दोन नळ्या आणतो, मीटिंगची वाट नको.

देशपांडे बी-४०३ ९:०२
मी पुन्हा एकदा नम्रपणे

पाटील (सेक्रेटरी) ९:०२
काका, तुम्हीही या. रॅम्प मोजू.

देशपांडे बी-४०३ ९:०९
येतो. टेप माझ्याकडे आहे.