'आहे मनोहर तरी': भाईंवर अन्याय झाला का?

रेवा: सुनीता देशपांड्यांच्या या आत्मकथनाचा विषय निघाला की पुलंप्रेमींचं एक वाक्य ठरलेलं: 'बाईंनी एवढं लिहायला नको होतं.' मला मुळीच पटत नाही. पुस्तक 1990 सालचं. भाई, म्हणजे त्यांचे पती पु. ल. देशपांडे, तेव्हा हयात होते, पुढेही दहा वर्षं होते. पाठीमागे काही केलेलं नाही. बेचाळीसच्या चळवळीत उतरलेली, 'सुंदर मी होणार', 'वाऱ्यावरची वरात' यांत भूमिका केलेली बाई. स्वतःच्या संसाराबद्दल बोलायला तिला कुणाची परवानगी हवी होती?

सदाशिवपेठी: हयात होते हीच तर अडचण! उलट बोलले असते तर 'बायकोशी चव्हाट्यावर भांडतात', गप्प राहिले तर 'बघा, कबूल आहे'. उभ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाला घरात काय जमत नव्हतं, हे चारचौघांत मांडून मिळवलं काय? आमच्या आजीनंही कमी सोसलं नाही. ती लिहीत नाही बसली.

रेवा: तिनं लिहिलं असतं तर पहिली प्रत मी घेतली असती.

विंगेतला: हौशी नाटकवाला म्हणून बोलतो. प्रयोग नुसत्या नटावर उभा राहत नाही. तारखा, मानधन, परवानग्या, तालमीतली शिस्त हे सगळं कुणीतरी बघावं लागतं. भाईंच्या बाबतीत ते बाई बघायच्या, आणि चोख बघायच्या. मानधन बुडवून प्रयोग करू पाहणाऱ्यांना त्या खडूस वाटणारच. पुढे पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानचा पैसा 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रासारख्या कामांना गेला, तो काय आभाळातून पडला? भाई दिलदार राहू शकले, कारण 'नाही' म्हणायचं काम घरात दुसऱ्या कुणीतरी अंगावर घेतलं होतं. ते करणाऱ्या माणसाला कसं वाटत होतं, हे आधी कुणी विचारलं होतं का?

सदाशिवपेठी: श्रेय द्या की, कोण नको म्हणतंय? पण श्रेय वेगळं आणि घरातली उणीदुणी वेगळी. त्यात बाईंची भाषा इतकी देखणी की वाचक आपसूक त्यांच्या बाजूला जातो. दुसरी बाजू कुठाय?

मुग्धा_रत्नागिरी: आत्मकथनात दुसरी बाजू कशी येणार? ती भाईंनी लिहायची. शिवाय बराच भाग भाईंबद्दल नाहीच. आमच्या रत्नागिरीतलं बालपण आहे, माहेर आहे, कविता तर जागोजाग. आणि झाडाझडती घेताना बाईंनी स्वतःलाही सोडलेलं नाही. हे सोयीस्करपणे विसरलं जातं. अभिनेत्री हंसा वाडकरांचं आत्मकथन 'सांगत्ये ऐका' 1970 साली पुस्तकरूपात आलं. घरासाठी कोवळ्या वयात सिनेमात जाणं, नवरा, दारू, सगळं आहे त्यात. त्याला आपण धाडसी म्हणतो. का, तर त्यांचा नवरा आपला लाडका लेखक नव्हता!

सदाशिवपेठी: असेल तसं. पण हे वाचल्यापासून 'वरात' ऐकताना मधेच मला ते घर आठवतं आणि हसू अडतं. त्याचं काय करू?

विंगेतला: मला नाही आठवत. मी अजून खो खो हसतो.

सदाशिवपेठी: नशीबवान आहात. मला वाईट वाटलं, एवढं तरी म्हणू द्या.