१९७६ ची पद्मिनी : ब्रेक ऑइल कुठलं घालू?

पद्मिनी७६, सातारा
नमस्कार मंडळी. वडिलांची प्रीमियर पद्मिनी सहा वर्षं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दिवाळीत त्याच गाडीने महाबळेश्वरला जायचं, असं आईच्या फार मनात आहे. इंजिन सुरू झालं, पण ब्रेकचं पेडल थेट पत्र्याला टेकतंय. ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं तर ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट, तळाशी गाळ. मागच्या उजव्या चाकाचा सिलिंडर गळून लायनर, म्हणजे ब्रेकचे घासणारे पट्टे, भिजलेत. नव्या रबरी वॉशरचं किट आणून ठेवलंय. बाटलीवर ‘डॉट’ आणि आकडा असा ऑइलचा दर्जा लिहिलेला असतो. गॅरेजवाले म्हणतात डॉट ३ घाला, मित्र म्हणतो डॉट ४. एकाने जांभळं डॉट ५ सुचवलं, कारण ते पाणी धरत नाही आणि गाडीचा रंगही खात नाही. आकडा मोठा तेवढं ऑइल चांगलं, असं असतं का?

घाटउतार, पोलादपूर
दादा, आकड्यावर जाऊ नका. ३, ४ आणि ५.१ एका जातीची, ग्लायकॉलची. ५ सिलिकॉनचं, त्याची जात वेगळी. या दोन जाती एकत्र करायच्या नाहीत.

तुम्ही डॉट ४ घाला. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३० पर्यंत. पाणी मुरल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात. पसरणीचा घाट उतरताना चारही ड्रम, म्हणजे चाकांतली ज्यावर लायनर घासतात ती भांडी, तापतात. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पाय मोकळाच खाली जातो. म्हणून सीलबंद बाटलीच आणा, दर दोन वर्षांनी ऑइल बदला आणि घाट खालच्या गिअरमध्येच उतरा.

आता माझ्यावर बेतलेलं सांगतो. आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो तिथेच घात होतो, कारण ते तेल नव्हेच. माझ्या फियाट ११०० मध्ये वाटेतल्या एका गॅरेजात पोराने इंजिन ऑइल ओतलं. तिसऱ्या दिवशी ब्रेक धरूनच राहिले, गाडी ओढेना. ड्रमवर पाण्याचे चार थेंब टाकले तर चर्र झालं. पेडल दाबल्यावर ऑइल पाइपांत ढकलतो तो मास्टर सिलिंडर खोलला. आतला रबरी वॉशर नव्याशेजारी ठेवला तर चांगलाच फुगलेला, कड उलटी वळलेली, नख दाबलं की वण तसाच राहायचा. गाडीतलं ब्रेकचं रबर झाडून सगळं बदलावं लागलं.

तेव्हापासून आधी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात डबीतलं चमचाभर ऑइल टाकतो. विरघळलं तर ग्लायकॉल. वेगळं राहिलं तर आत तेल किंवा सिलिकॉन आहे. तुम्ही किट बसवण्याआधी हे कराच. नवे वॉशर नव्या ब्रेक ऑइलमध्येच बुडवून बसवा, पेट्रोल किंवा साधं ग्रीस लावू नका. पाइपांतली हवा मागच्या डाव्या चाकापासून काढायला घ्या. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी ओता.

मायनरप्रेमी, पुणे
माझ्या मॉरिस मायनरमध्ये डॉट ५ आहे आणि मी त्यावर खूश आहे. पण पाइप, सिलिंडर, रबर सगळं नवं कोरं घातलं तेव्हाच ते भरलं. पेडल किंचित मऊ लागतं. शिवाय पाणी शिरलंच तर ते त्यात मुरत नाही, खोलगट जागी थेंब धरून बसतं आणि तिथेच गंज लागतो. जुन्या पाइपांत भरू नका.

पद्मिनी७६, सातारा
पेल्यात टाकलं, विरघळलं. जीव भांड्यात पडला. होज पाइपांना तडे होते, तेही बदलले. डॉट ४ भरून काल आईला मेढ्यापर्यंत नेऊन आणलं. पेडल अर्ध्यातच कडक लागतंय. फक्त मागचा उजवा ड्रम बाकीच्यांपेक्षा जास्त तापतोय.

घाटउतार, पोलादपूर
ते चाक जॅकवर घेऊन हाताने फिरवा. घासत असेल तर लायनर जास्त वर घेतलेत, ॲडजस्टर थोडा सैल करा. मोकळं फिरल्यावर पुन्हा मेढ्यापर्यंत जाऊन या, घाट त्यानंतर. आईंना नमस्कार सांगा.