प्रतिसाद: वलणीवरचे कपडे

रंगीत कपडे उन्हात विटतात म्हणून घरातच वाळवा, असं वर एकांनी लिहिलंय. आमच्या बडोद्यात मे महिन्यात पारा ४० च्या पुढे जातो. कपडे उलटे करून गच्चीतल्या वलणीवर टाकले की तासाभरात कडकडीत. विटलं तर आतून विटेल! पावसाळ्यात मात्र हवाच ओली, कपड्यांतलं पाणी जाणार कुठे? तेव्हा दोन कपड्यांत वीतभर अंतर आणि वर पंखा, नाहीतर कुबट वास ठरलेला.

आणि हो, १४ जानेवारीच्या उत्तरायणाला पांढरं काही गच्चीवर ठेवू नका. कटलेल्या पतंगाचा गुलाबी मांजा ह्यांच्या ओल्या सदऱ्यावर पडला. डाग काही गेला नाही. सासूबाईंनी शेवटी त्याची फडकी केली.