४०४ चं पान दिसतंय पण गुगल सॉफ्ट ४०४ म्हणतंय

दादरची_लेक:
आईचा दादरला घरगुती मसाले आणि दिवाळी फराळाचा धंदा आहे, साइट मीच केलीये, शेअर्ड होस्टिंग, अपाचे सर्व्हर. अनारशांची जुनी लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर अजून फिरतेय आणि दिवाळी संपल्यावर ते पान मी काढलं, तर लोकांना ते पांढरं इंग्रजी 'नॉट फाउंड' दिसायचं आणि आईला फोन, "वहिनी, बंद केलंत का हो?" म्हणून मराठीत नीट पान बनवलं, एचटीअ‍ॅक्सेस या सर्व्हरच्या सेटिंग फाइलमध्ये एररडॉक्युमेंट ४०४ (पान न सापडल्याचा कोड) लिहून पुढे एचटीटीपीएसपासून पूर्ण पत्ता टाकला. पान येतं, पण गुगलचं सर्च कन्सोल (गुगलला साइट कशी दिसते ते सांगणारं) सॉफ्ट ४०४ दाखवतंय. काय चुकलं?

लोकलमधला_कोडर:
ताई, तो पूर्ण पत्ताच घोळ करतोय. पूर्ण यूआरएल दिला की अपाचे ३०२ रीडायरेक्ट, म्हणजे 'तात्पुरतं दुसऱ्या पत्त्यावर जा' असा निरोप, पाठवतो, मग ब्राउझर तुमच्या पानावर जातो आणि तिथे २०० मिळतं, म्हणजे मजकुरात 'सापडलं नाही' आणि सर्व्हर म्हणतोय सगळं ठीक, हेच सॉफ्ट ४०४. फक्त स्लॅश ४०४ डॉट एचटीएमएल एवढंच ठेवा. मग टर्मिनलमध्ये कर्ल मायनस कॅपिटल आय आणि पुढे ती लिंक देऊन बघा, सर्व्हरचं उत्तर दिसेल, पहिल्याच ओळीत ४०४ आलं पाहिजे.

दादरची_लेक:
आलं ४०४! पण आता अनारशांच्या लिंकवर पान उघडं पडलंय, ना रंग ना फोटो, साध्या लिंकवर मात्र बरोबर दिसतं??

ठाणे_स्लो:
कारण आता ब्राउझरच्या अ‍ॅड्रेस पट्टीत जुनाच पत्ता राहतो, फराळ स्लॅश अनारसे, आणि ब्राउझर तुझी सीएसएस (रंगरूपाची फाइल) त्या फराळ फोल्डरमध्ये शोधतो. सीएसएस, फोटो, सगळ्यांचे पाथ सुरुवातीला स्लॅश देऊन लिही. आणि ५०० चं, म्हणजे सर्व्हरच बिघडल्यावर दिसणारं, पान करशील तर साधं एचटीएमएलच ठेव, पीएचपी कोसळल्यावर पीएचपीतलं पान कुठून उघडणार.

गिरगावकर_काका:
एक सांगू का, अनारशांना ४०४ द्यायचंच कशाला? माणूस विकत घ्यायला आलाय. ते पान परत चढवा, वर लिहा की ऑर्डर दिवाळीच्या आधी सुरू होतील. कायमचं बंद केलेल्या पदार्थाची गोष्ट वेगळी, त्याच्यासारखं दुसरं काही असेल तर ३०१ लावा, म्हणजे जुनी लिंक कायमची त्या पानावर वळवा, नाहीतर ४०४ खरंखुरं जाऊ दे. सगळ्यांना होमपेजवर ढकलू नका, गुगल त्यालाही सॉफ्ट ४०४ धरतो आणि गिऱ्हाईक गोंधळतं ते वेगळंच.

दादरची_लेक:
काका, पटलं. स्लॅश दिले, रंग परत आला. अनारशांचं पान आत्ताच चढवलं, आईने फोटोसुद्धा नवीन काढून दिला, खसखस दिसेल असा जवळून.